बघणाऱ्यासाठी कुंपण

सकाळचे साडेसात वाजले होते, मी मागच्या पायरीवर बसून चहा पीत होते, आणि ताईने समोरच्या खिडकीतून मला केस सारखे करायला सांगितलं. बोलून नाही. वाचा तिची गेल्या वर्षी झटका आला तेव्हाच गेली, उजवी बाजूही गेली. राहिला तो डावा हात आणि राहिले डोळे. त्या हाताची दोन बोटं तिने कशीबशी उचलली, स्वतःच्या कानावरून मागे नेली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे, बट सुटली आहे तुझी. आणि माझा हात, अठ्ठावन्न वर्षांच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईचा हात, मला न विचारता वर गेला, बट कानामागे खोचून खाली आला. ती हसली. अर्ध्या तोंडाने हसते हल्ली. मी उरलेला चहा अंगणात ओतला आणि आत येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. राग कुणाचा आला म्हणाल, तर आधी त्या हाताचाच आला.

आमची दोन घरं एकाच जागेत आहेत. वडिलांनी जागेचे दोन भाग केले, थोरलीला एक, धाकटीला एक, आणि मधे चुना फासलेले दगड ओळीने मांडले. भिंत घालू या, असं आमच्या ह्यांनी दोनदा सुचवलं होतं. ताईने दोन्ही वेळा हसून विचारलं, "आपल्यात भिंत कसली?" आपल्यात, म्हणजे तिच्यात आणि माझ्यात, हे त्यात नव्हतेच. तिच्या खोलीची खिडकी आणि माझी मागची पायरी समोरासमोर, मधे वीस-पंचवीस पावलं. झटक्यानंतर तिला सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी पलंग त्याच खिडकीला लावला. उजेड येतो, मन रमतं म्हणाल्या. मन रमतं ते कशात? माझ्यात. मी कपडे वाळत घालते ते बघण्यात, मी पातेल्यातूनच उभ्या उभ्या खाते ते बघण्यात, मी मांजराला शिव्या घालते, पायरीवर बसून पोटऱ्या चोळते, एकटीच तोंडाने काहीबाही पुटपुटते, ते बघण्यात. तीस वर्षं मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीत बसले. काचेला एक भोक आणि भोकापलीकडे सकाळी दहापासून माणसांची तोंडं. दिवसभर लोक माझ्याकडे बघत, मी वहीकडे बघत असे. निवृत्त झाले त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं होतं, बाई, आता तुझ्याकडे कुणी बघणार नाही. आणि वर्ष झालं नाही तोवर ही खिडकीत येऊन बसली, म्हणजे तिला बसवलं.

मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ताई पंधराची होती. तिने शाळा सोडली. तिने मला न्हाऊ घातलं, भरवलं, तापात उशाशी बसली, आलेली स्थळं परत पाठवली. हे मला आठवतं असं नाही. हे मला सांगितलं गेलंय, इतक्या वेळा आणि इतक्या तोंडांनी की आता आठवल्यासारखं वाटतं. "आईच्या मायेने वाढवलं हो ताईने तुला." हो, वाढवलं. मला जे आठवतं ते वेगळं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मला ओट्यावर बसवायची, गळ्याभोवती वर्तमानपत्राची घडी अडकवायची आणि माझे केस कापायची. कानाच्या पाळीइतके, एक बोटही लांब नाही. "लांब केसांत उवा होतात, आणि तुझं लक्ष आरशात जातं." मी हलले की कात्रीची थंड बाजू मानेला टेकवून ठेवायची, कापायची नाही, नुसती टेकवायची, मी दगड होईपर्यंत. मग केर भरताना म्हणायची, "आता कशी माझी बाहुली." वर्गातल्या मुली मला टोपी म्हणायच्या. लग्न ठरल्यावर मी केस वाढवले ते आजतागायत टोकालाही कात्री लावलेली नाही. आमचे हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच म्हणाले होते, "तुझी ताई घरात आली की मला माझ्याच घरात पाहुणा असल्यासारखं वाटतं." मी त्यांच्याशी तेव्हा दोन दिवस अबोला धरला. खरं बोलणाऱ्या माणसावर आपण आधी रागावतो. ती रोज सकाळी सात वाजता मागच्या दाराने यायची, डब्यांची झाकणं उचलून बघायची, पलंगपोसाला पडलेली सुरकुती हाताने सारखी करायची आणि काही न बोलता जायची. न बोलता! बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. झटका आला, तिला दवाखान्यातून आणलं, आणि आता ही दारातून कधीच येणार नाही हे मला कळलं, तेव्हा मी रडले. सगळ्यांना वाटलं बहिणीसाठी रडतेय. मी मोकळी झाले म्हणून रडत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायला आता माणूसही उरलेलं नाही.

ती बट कानामागे खोचली, त्याच दिवशी मी रोपवाटिकेत गेले. मालक म्हातारा, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला, हात मातीचे. माणूस न बघता पिशवीतल्या रोपाशी बोलावं तसा बोलत होता. म्हणाला, "कुंपण कशासाठी हवं, ते आधी सांगा. वाऱ्यासाठी, ढोरासाठी, का माणसासाठी?"

"माणसासाठी."

"येणाऱ्या, का बघणाऱ्या?"

"बघणाऱ्या."

"मग काटा नको. काटा येणाऱ्यासाठी. बघणाऱ्यासाठी पान हवं." तो उठून रांगांमधून चालू लागला, मी मागे मागे. "हा बांबू. झपाट्याने चढतो, पण मुळं जमिनीखालून शेजारी जातात. उद्या शेजारणीच्या ओट्यातून कोंब निघाला की भांडण."

"नको. तिकडे काहीही जायला नको."

"मेंदी घ्या. पण पाणी कमी पडलं की पानं गाळते, चार महिने आरपार. सुरू उंच होईल, पण दोन झाडांमधून गाय जाईल. ही कुंती बघा, दाट, बारीक पान, पांढरी फुलं, संध्याकाळी असा वास सुटतो—"

"वास दोन्ही बाजूंना जातो ना?"

"वासाला बाजू असते का बाई?"

"मग नको."

त्याने पहिल्यांदा चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं. "फूल चालेल?"

"नको. फूल नको, वास नको, फळ नको. पाखरं येऊन बसतील असंही काही नको. पलीकडच्याला बघावंसं वाटेल असं काहीच नको. नुसतं पान."

"दृष्टीआड सृष्टी," तो म्हणाला आणि शेवटच्या रांगेतल्या कमरेएवढ्या रोपांकडे बोट केलं. "फायकस. बारा महिने हिरवं, बघायला काही नाही. भिंतच समजा. वर्षात डोक्यावर जाईल. शेजार कोणाचा आहे?"

"बहिणीचा," मी म्हणाले. त्याने पुढे काही विचारलं नाही, आणि तेवढ्यासाठी तो मला आवडला.

लावणीच्या दिवशी तो दोन बायकांना घेऊन आला. चुन्याच्या दगडांना लागून, माझ्या बाजूने, चर खणला. ताईच्या खिडकीत उशा रचून तिला उंच बसवलेलं होतं. मावशींनी मुद्दाम बसवलं असणार, गंमत बघायला. दिवसभर ती बघत होती. रोप चरात उतरलं की तिची बोटं पलंगाच्या दांडीवर वाजायची, आनंदाने. हो, आनंदानेच. तिला वाटलं, धाकटी बाग करतेय, मला बघायला झाडं लावतेय. मावशी दगडांपर्यंत येऊन म्हणाल्या, "ताई खूश आहेत हो आज! फुलं कुठल्या रंगाची येतील याला?" मी म्हणाले, "बघू या." आणि ताईला हात केला. मला वाईट वाटलं का? वाटलं असतं तर सांगितलं असतं. मला पोटात गार वाटत होतं, तापलेल्या माणसाने फरशीवर झोपावं तसं.

माती दाबून झाल्यावर म्हाताऱ्याने कमरेची कात्री काढली आणि पहिल्या रोपाचा शेंडा चिमटीत धरला. माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "काय करताय?"

"शेंडे खुडतो. आत्ता वीतभर कापले की खालून फुटवे येतात, बुडापासून दाट होतं. दर दोन महिन्यांनी कापायचं. नाहीतर नुसतं वर पळतं."

"वर पळू दे. मला उंचीच हवी. माझ्या झाडांना कात्री लावायची नाही."

"अहो, पायथा उघडा पडेल. नंतर पस्तावाल."

"कात्री आत ठेवा आधी."

त्याने ठेवली. जाताना पुन्हा म्हणाला, "कापल्याशिवाय कुंपण होत नाही बाई, झाड होतं." मला त्याचा हात दिसत होता आणि त्यात ती कात्री, पुढचं काही ऐकूच येत नव्हतं.

मग ते वर्ष सुरू झालं आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, असं म्हणायला मला लाज वाटत नाही. मी पाणी घालायची, खत घालायची आणि पायरीवर बसून हिरव्या रेघेने ताईला कुठवर झाकलं ते बघायची. आधी तिच्या अंगावरची चादर गेली. मग दांडीवरचा हात गेला. पावसाळा संपता संपता हनुवटी गेली, आणि मग कितीतरी दिवस नुसतं कपाळ आणि डोळे पानांवर ठेवल्यासारखे दिसत राहिले. शेवटी शेवटी ती मान उंच करायची. मला दिसायचं. झटक्याने मोडलेली ती मान, तिच्या शिरा ताणलेल्या, दर आठवड्याला पानाच्या बोटभर वर यायची धडपड करत होती, आणि मी मनात म्हणत होते, बघू या कोण जिंकतं, ताई. लहानपणी प्रत्येक खेळात तूच जिंकायचीस, हरणं मला चांगलं असतं म्हणून. एका मंगळवारी डोळे गेले. मी उठले, केस सोडले, तसेच पाठीवर मोकळे टाकून अंगणात चार फेऱ्या मारल्या, आणि तिने आयुष्यात कधी होऊ दिलं नसतं असं मोठ्याने, बेसूर गायले.

दीड महिन्याने मावशी फाटकाने आत आल्या. बाई चांगली, पण अघळपघळ. कढईतलं सगळं पानात वाढावं तशी बोलते. म्हणाली, "एक गंमत सांगू? ताईंना आता तुमचे पाय ओळखू येतात."

"पाय?"

"झाडं वर गेली ना, पण खालची पानं गळली, नुसते दांडे राहिलेत. पलंगावरून बरोबर तुमचे पाय दिसतात, इथून तिथपर्यंत. पायांवरून त्यांना सगळं कळतं. भराभर चालतात तेव्हा तुम्ही रागात असता. टाचा घासता तेव्हा दमलेल्या. परवा तुम्ही अनवाणी फिरत होतात, तर माझा हात धरून अशा ओढायला लागल्या, की जा, तिला चपला घालायला सांग!" मावशी हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाय दिसले नाहीत त्या दिवशी नीट जेवत नाहीत हो. डॉक्टर म्हणाले, आहे ते राहू द्या, त्यांना तेवढीच ओढ आहे. म्हणून म्हटलं, सांगून ठेवावं. खाली काही लावू नका."

मी माझ्या पायांकडे बघितलं. सुजलेले, भेगा पडलेले, चपलेच्या पट्ट्याचा डाग असलेले. दीड महिना मी या पायांनी मोकळी हिंडत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती, त्यांना वाचत होती, त्यांना चपला घालत होती! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर अर्धी मेली, तरी खोड अख्खी शाबूत. मला अंगभर किळस आली. दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत गेले. म्हाताऱ्याने मला बघताच "पायथा?" एवढंच विचारलं. म्हणाला, आता एकच खरा उपाय, सगळं गुडघ्यापासून कापा, नव्याने फुटू द्या. म्हणजे वर्षभर पुन्हा तिच्यासमोर. मी म्हणाले, दुसरं सांगा. मग म्हणाला, पुढून अडुळशाची ओळ लावा, सावलीत होतो, बुडापासून पानं धरतो, शिवाय कात्रीही मागत नाही. "जेवत नाहीत" हे शब्द माझ्या कानात होते. नव्हते असं मी म्हणणार नाही. ते कानात असताना मी अडुळशाच्या साठ काड्या घेतल्या, ते कानात असताना बोटभर अंतर ठेवून रोवल्या, आणि त्या धरेपर्यंत पायथ्याशी जुन्या गोणपाटाचा पडदा बांधला. झाडांच्या दांड्यांना दोरी आवळताना पलीकडून दांडीवर बोटं वाजल्याचा आवाज येत होता. भराभर, अडखळत. मी दोरीला आणखी एक गाठ मारली.

आठ दिवसांनी मावशी आल्या त्या हसत नव्हत्या. "एक हात रुंद जागा करा. एवढीच. कुठेही करा. घास तोंडात धरून बसतात हो, गिळत नाहीत."

"झाडं आता कापली तर मरतील," मी म्हणाले.

"झाडं मरतील?" मावशी म्हणाल्या. मी त्यांना पूर्ण उत्तर दिलं, की मुळं नवी आहेत, ऋतू बरोबर नाही, रोपवाल्याने सांगितलंय. तीस वर्षं तक्रारीच्या खिडकीत बसले होते मी. कारण देता येत नाही असं कसं होईल? त्या गेल्या, आणि परत आल्या नाहीत.

मग अडुळसा धरला. गोणपाट सोडलं. खालपासून वरपर्यंत पान, पलीकडचं बोट दिसेना की उजेड दिसेना. पहिले काही दिवस मजेत गेले. मग मला करमेना. हे कसं सांगायचं मला कळत नाही, पण सांगते. पातेल्यातून उभ्याने खाताना मी चोरून खात असायची, तिच्यापासून. आता नुसतीच उभी होते. कपडे वाकडेतिकडे वाळत घालायची ते तिला दिसावं म्हणून. आता ते नुसतेच वाकडे. गायले तर आवाज पानांपर्यंत जाऊन थांबला, मग मलाच चोरट्यासारखं झालं. नवऱ्याला आवडायचे म्हणून केस वाढवले असं मी समजत होते. कुणाला दाखवायला वाढवले होते? दांडीवरचा आवाजही बंद झाला होता. मी पायरीवर बसून कान देऊ लागले, आधी सकाळी, मग दिवसातून पाच-सहा वेळा. काही नाही. मेली असती तर कुणी सांगितलं असतं. एके दुपारी मी उठून फळीवरची कात्री काढली, पदराने पुसली आणि ठरवलं, की जाऊन तिलाच विचारायचं, कुठे कापू? तिलाच खुणेने जागा दाखवू दे. हात धरून रडेल, मग मी म्हणेन, अगं असू दे. हे सगळं मी फाटकापर्यंत जाताना मनात बोलून घेतलं, आणि खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मावशींनी दार उघडलं, हातातल्या कात्रीकडे बघितलं. "आता कशाला? आता नकोय त्यांना."

"जेवत नाहीत म्हणाला होतात."

"दोन आठवडे नव्हत्या जेवत. मग एक दिवस स्वतःच तोंड भिंतीकडे केलं आणि जेवल्या. तेव्हापासून पलंग फिरवून दिलाय."

पलंग खरंच फिरवला होता. खिडकीकडे तिची पाठ. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खिडकीतून माझ्या घराकडे बघितलं. माझं घर नव्हतंच तिथे, हिरवं होतं नुसतं. खोलीत त्याची सावली पडली होती आणि भर दुपारी दिवा लावावा लागला होता. मी पलंगाला वळसा घालून भिंत आणि तिच्यामधल्या अरुंद जागेत शिरले. ती बारीक झाली होती. डोळे मिटलेले, पण पापण्या हलत होत्या.

"झोपलीय का?" मी विचारलं.

"जाग्या आहेत," मावशी म्हणाल्या.

"ताई," मी म्हणाले. "कापते मी झाडं. सगळी कापते. कुठून कापू, दाखव." डोळे उघडले नाहीत. "ताई, अगं मीच लावली ती. तू बघू नयेस म्हणूनच लावली. बाग नव्हतीच ती. तुला आधीच कळलं होतं ना? माझं चुकलं म्हण. हाताने म्हण." तिचा डावा हात पोटावर होता. मी तो उचलला. तो मी सोडला तिथेच पडला. मग तिची मान हलायला लागली. त्या मोडक्या मानेला एवढंसं वळायला किती वेळ लागतो, ते मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. उशी दाबली गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, आणि एका दमात जमेना तेव्हा ती मधे थांबून श्वास घेऊन पुन्हा वळू लागली. मी एक बोट गालाला लावून तिला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. मी वाट बघितली. मला वाटलं, माझ्याकडेच वळतेय. तिचं तोंड माझ्यावरून पलीकडे गेलं, दुसऱ्या बाजूच्या उशीत शिरलं आणि थांबलं.

"बघ ना गं माझ्याकडे," मी म्हणाले. माझा आवाज चार वर्षांच्या मुलीसारखा निघाला आणि मला तो आवरता आला नाही. "एकदा बघ. काय नीट नाही माझं, ते सांग. सांग ना, ताई!"

मावशींनी माझ्या खांद्याला धरून मला त्या अरुंद जागेतून बाहेर काढलं. रागाने नाही, फळी बाजूला करावी तसं. "आता तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. "जेवणाची वेळ झाली त्यांच्या. तुम्ही इथे असलात तर तोंड उघडायच्या नाहीत."

मी बाहेर येऊन दाराशी उभी राहिले. थोड्या वेळाने आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. "शाब्बास," मावशी म्हणत होत्या, "गेल्या त्या. घ्या, अजून एक घास."